चेकवर नाव माझे, पैसे मात्र खात्याचे

न्यू जर्सीतील आमच्या टपालपेटीत 2024 च्या सप्टेंबरमध्ये एक पातळ पाकीट आले आणि त्यातून 1,146 डॉलर 38 सेंटचा चेक निघाला. ज्या कंपनीचे शेअर मी माझ्या निवृत्तीखात्यात, म्हणजे ट्रॅडिशनल आयआरएमध्ये, घेतले होते, तिने नफ्याचे आकडे फुगवून सांगितले असा आरोप करून भागधारकांनी फेडरल कोर्टात क्लास अॅक्शन, म्हणजे सगळ्यांच्या वतीने एकत्रित, दावा लावला होता. तो तडजोडीवर मिटला, आणि 2021 मध्ये जुनी स्टेटमेंटे धुंडाळून, खरेदी-विक्रीची प्रत्येक तारीख व भाव लिहून मी जो क्लेम फॉर्म पाठवला होता, त्याचे हे फळ. माझे बुडाले होते नऊ हजारांच्या आसपास. वकिलांची फी वजा जाऊन उरलेला निधी सगळ्या दावेदारांत प्रमाणात वाटल्यावर वाट्याला आली ती चोराच्या हातची लंगोटीच.

“बँकेत टाका आणि मोकळे व्हा की,” सौभाग्यवती म्हणाल्या. ते शक्य नव्हते. चेकच्या पहिल्या ओळीत जुन्या ब्रोकरचे नाव, त्यापुढे ‘एफबीओ’ ही तीन अक्षरे, म्हणजे ‘अमक्याच्या लाभार्थ’, आणि त्यानंतर माझे नाव होते. नुकसान आयआरएचे झाले होते, तेव्हा भरपाईही आयआरएचीच. ती मी घरखर्चाला वापरली असती तर खात्यातून काढलेली रक्कम समजून तिच्यावर कर लागण्याची शक्यता होती. पण जुन्या ब्रोकरकडचे खाते मी 2022 मध्येच बंद करून सगळे दुसऱ्या कस्टोडियनकडे, म्हणजे खाते सांभाळणाऱ्या संस्थेकडे, नेले होते. चेकची मुदत नव्वद दिवसांची. म्हणून तो मूळ चेक, खाते हलवल्याचे स्टेटमेंट आणि नव्या कस्टोडियनचे नाव नेमके कसे लिहावे याची सूचना असे सगळे रजिस्टर्ड टपालाने क्लेम अॅडमिनिस्ट्रेटरकडे, म्हणजे तडजोडीचे पैसे वाटणाऱ्या संस्थेकडे, परत पाठवले. सात आठवड्यांनी नवा चेक आला.

खरी अडचण पुढेच होती. नव्या कस्टोडियनच्या फोनवरील मुलीने सहज विचारले, “हे कोणत्या वर्षाचे कॉन्ट्रिब्यूशन धरू?” कॉन्ट्रिब्यूशन म्हणजे खात्यात भरलेली नवी वर्गणी. मी निवृत्त आहे, पत्नीही निवृत्त आहे, आमच्यापैकी कोणालाच पगार नाही. पन्नाशीपुढच्यांसाठी 2024 ची मर्यादा 8,000 डॉलर असली तरी कमाईचे उत्पन्न शून्य असल्यावर एक डॉलरही नवा भरता येत नाही, आणि भरलाच तर जादा रकमेवर ती खात्यात राहील तोवर दरवर्षी सहा टक्के दंडकर बसतो. हे तिला सांगून मी थांबण्याची विनंती केली आणि आमच्या सीपीएंना, म्हणजे हिशेब व कर पाहणाऱ्या लेखापालांना, फोन केला.

त्यांनी सांगितले की, विश्वस्तांनी कर्तव्यात कसूर केल्याबद्दल जबाबदारी येण्याचा सबळ धोका असताना निवृत्ती योजनेतील तोटा भरून देणारी रक्कम ही नवी वर्गणी नसून पूर्ववत करणारी भरपाई असते, असे आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याने, 2002-45 या रेव्हेन्यू रूलिंगमध्ये (जाहीर करनिर्णयात) म्हटले आहे. ते रूलिंग कंपन्यांच्या योजनांबद्दलचे असले तरी आयआरएधारकांनी मागितलेल्या काही खाजगी पत्र-निर्णयांतही हाच विचार लावलेला आहे. अर्थात असे पत्र ज्याने मागितले त्याच्यापुरतेच. इतरांना त्यावर हक्क सांगता येत नाही. म्हणून आम्ही तडजोडीच्या नोटिशीची प्रत व एक पानी पत्र जोडून चेक थेट कस्टोडियनच्या निवृत्ती विभागाकडे पाठवला, आणि नोंद ‘कॉन्ट्रिब्यूशन’ म्हणून न करता ‘सेटलमेंटची रक्कम’ म्हणून करावी, असे लेखी मागितले. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती तशी झाली.

मे महिन्यात फॉर्म 5498, म्हणजे आयआरएतील वर्गणीची कस्टोडियनने दिलेली वार्षिक नोंद, आला तेव्हा सर्वांत आधी मी पहिला रकाना पाहिला, कारण वर्गणी तिथेच दिसते. तो रिकामा होता. जूनमध्ये, न वटलेल्या चेकांतून उरलेल्या निधीच्या दुसऱ्या वाटपाचा 41 डॉलरचा चेक आला. पुन्हा जुन्याच ब्रोकरच्या नावाने.