दोन शब्दांना इतका वेळ?

ॲपमधल्या बटणांवरचा आणि सूचनांचा मजकूर लिहिणं हे माझं काम. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "बटणावर दोन शब्द तर लिहायचे, त्याला एवढा वेळ कशाला?" प्रोग्रामर विचारतात, मॅनेजर विचारतात, घरचेही विचारतात.

यूपीआयमधली पैसे मागायची सोय घ्या, कलेक्ट रिक्वेस्ट. कोणी तुमच्याकडे १,५०० रुपये मागितले की फोनवर सूचना यायची. होकार देऊन पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जायचे. त्या बटणावर 'स्वीकारा' लिहिलं तर व्याकरण बरोबर, अर्थ घातक. स्वीकारायची असते विनंती, वाचणाऱ्याला वाटतं पैसे. जुना सोफा विकायला काढलेल्याला 'गिऱ्हाईक' फोनवर सांगतं, "पैसे पाठवलेत, स्वीकारा." तो पैशांची वाटच बघत असतो. म्हणून तिथे '१,५०० रुपये द्या' असंच हवं, वर 'तुमच्या खात्यातून जातील', आणि पिन टाकताना पुन्हा: पैसे घ्यायला पिन लागत नाही.

एवढं लिहूनही लोक फसायचे, हे मान्य. मागणाऱ्यालाही सोबत मेसेज लिहिता यायचा. तो 'कॅशबॅक जमा' लिहिणार. ते आमच्या मजकुराला लागून, त्याच अक्षरांत दिसलं की ॲपच बोलतंय असं वाटणार. तो मेसेज वेगळ्या चौकटीत, 'मागणाऱ्याने लिहिलंय' असं सांगूनच दाखवायला हवा.

बटण जितकं छोटं तितकं चांगलं, असं पूर्वी मीच म्हणायचे. पण 'ऑर्डर रद्द करायची?' याखाली 'ठीक आहे' आणि 'रद्द करा' अशी बटणं असली, तर ऑर्डर ठेवायला कुठलं दाबायचं? 'ऑर्डर रद्द करा' आणि 'ऑर्डर राहू द्या' लिहिलं की प्रश्न न वाचताही कळतं. मात्र छोट्या फोनवर अक्षरं मोठी केलेली असली की मजकूर मावत नाही, शेवट कापला जातो आणि दोन्ही बटणांवर नुसतं 'ऑर्डर' उरतं. फरक क्रियापदात, आणि मराठीत ते शेवटी येतं. तिथे पुन्हा माझंच जुनं म्हणणं पटायला लागतं.

व्यक्तीने व्यक्तीकडे पैसे मागायची ती सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. "बघ, शब्दांनी काही झालं नाहीच," असं मला ऐकवतात. फोनवर कोणी घाई करत असताना माणूस एकच नजर टाकतो. तेवढ्यात कळेल असं लिहिणं अशक्य आहे, हे मला अजून मान्य नाही. दुकानदारांकडून येणाऱ्या मागण्या तेव्हा चालूच राहिल्या, आणि त्यांच्या बटणावर रक्कम आधी की दुकानाचं नाव आधी, हा आमचा वाद मिटलेला नाही.