शब्दावर टेकलेलं बोट

जत तालुक्याच्या पूर्व भागात बऱ्याच पोरांच्या घरी कानडी आणि शाळेत मराठी. तिथल्या तिसरीच्या मुलांचं वाचन तपासायला आमची टीम फिरत होती. काही शाळांत वर्षभर वाचनाचा खास उपक्रम झाला होता, काहींत नाही. दोन्हींतला फरक बघायचा होता. मी पर्यवेक्षक.

टीममधल्या एका ताईंचे फॉर्म चाळताना खटकलं. उपक्रमाच्या शाळेतली त्यांची मुलं धडाधड उतारा वाचत होती, दुसऱ्या शाळांतली मात्र सुट्या शब्दांवरच अडकलेली. बाकीच्यांच्या फॉर्मांत एवढी तफावत नव्हती. "घरी बसून भरलेत," असं कुणीतरी म्हणालं. मला पटेना. बाई कामाच्या पक्क्या. म्हणून त्यांच्यासोबत गेलो आणि शेजारीच बसलो.

सकाळी उपक्रमाची शाळा. एक मुलगी 'विहिरीवर' या शब्दाशी थांबली. ताईही थांबल्या. "हं, वाच बाळा, येतंय तुला." मुलीनं 'वि' म्हटलं आणि ताईंचे ओठ नकळत पुढच्या अक्षराला हलले. मुलगी कागदाकडे बघतच नव्हती, ताईंच्या तोंडाकडे बघत होती. शब्द आला, टिक झाली.

दुपारी दुसरी शाळा. तोच उतारा, तोच शब्द. मुलगा अडला. "नाही येत? असू दे रे," म्हणत ताईंनी कागद ओढून घेतला. त्याचं बोट अजून त्या शब्दावरच होतं.

परतताना विषय काढला. ताई म्हणाल्या, "सर, त्यांना कुणी शिकवलेलंच नाही. उगाच कशाला ताटकळत ठेवायचं? रडकुंडीला येतात लेकरं."

म्हणजे मूळ होतं मायेत, आणि म्हणूनच ते पकडायला अवघड. 1963 साली रॉबर्ट रोझेनथाल आणि केर्मिट फोड यांचा मानसशास्त्रातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना त्यांनी उंदीर दिले. काहींना सांगितलं, तुमचे हुशार, काहींना सांगितलं, तुमचे मठ्ठ. उंदीर सगळे सारखेच, तरी 'हुशार' उंदरांचे निकाल सरस आले. लेकरं तर माणसाचा चेहरा वाचतात! आणि अशा आकड्यांवर उपक्रमाचे पैसे ठरतात, त्या मुलाच्या नावापुढे 'उतारा येत नाही' कायमचं लागतं. मला हे सहन होत नाही.

ताईंना काढून भागणार नव्हतं, दुसरी व्यक्तीही तेच करेल. आम्ही गट अदलाबदल केले, कोणती शाळा कुठल्या यादीतली हे तपासणाऱ्यांना सांगणं बंद केलं. किती सेकंद थांबायचं ते सगळ्यांना एकच ठरवून दिलं. वाचन रेकॉर्ड करून शाळा माहीत नसलेल्या दुसऱ्या माणसाकडून गुण घेतले. तरी एक फट राहिलीच: उपक्रमाच्या शाळेत वर्गाच्या भिंतींवर तक्ते लावलेले असतात, आत पाऊल टाकताच कळतं. म्हणून आता मुलांना बाहेर व्हरांड्यात बसवतो, आणि वर्गात आधी जाऊन मुलं बोलावून आणायचं काम तपासणाऱ्याला देत नाही.