गोगलगाईचा शंख झिजतोय? आधी पाणी मोजा

मिस्ट्री स्नेल ही पाळीव गोगलगाय माशांच्या टाकीत सोडली की दोन-तीन महिन्यांनी शंखाचं टोक पांढरट पडतं, मग तिथे खड्डे दिसू लागतात. दुकानदार म्हणतो, वय झालं. बहुतेक वेळा वयाचा काही संबंध नसतो. पाण्यात चुना कमी असतो.

शंख म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. पीएच ७ च्या खाली गेला, म्हणजे पाणी आम्लधर्मी झालं, की शंख विरघळायला लागतो. मुंबईच्या तलावांचं पाणी या कामाला फार हलकं, म्हणजे कमी क्षारांचं; बोअरचं बहुधा चालून जातं. सगळ्यात वाईट आरओचं. ‘स्वच्छ’ म्हणून लोक तेच ओततात आणि गोगलगाईच्या वाट्याला क्षारच उरत नाहीत. टेस्ट किट घ्या: पीएच ७.२ ते ८, जीएच (पाण्याचा एकूण कठीणपणा) ८ ते १५, केएच (पीएच स्थिर ठेवणारे कार्बोनेट क्षार) किमान ४. केएच कमी असेल तर पीएच कधी घसरेल सांगता येत नाही, आणि टाकीत लाकूड असेल किंवा झाडांसाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सोडत असाल तर तो हमखास घसरतो.

उपाय स्वस्त आहे. प्रवाळाचा चुरा जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवा. ४० लिटरला मूठभर. आठवड्याने पुन्हा मोजा आणि त्यानुसार कमी-जास्त करा. आयुर्वेदिक दुकानात मिळणारा समुद्रफेसही (कटलफिशचं हाड) चालतो, फक्त आधी उकळून घ्या, नाहीतर तरंगत राहतो. अंड्याची टरफलं वापरायची तर आतला पापुद्रा काढून, उकळून, वाळवून. पापुद्रा राहिला की पाणी नासतं. जुने खड्डे मात्र भरून येत नाहीत. शंख वाढतो तो तोंडाच्या कडेने, त्यामुळे तिथली नवी पट्टी गुळगुळीत आली की समजायचं, पाणी जमलं.

शेवाळावर ती जगेल ही समजूत सोडा. दुधीची किंवा काकडीची चकती, पालकाचं पान दोन मिनिटं उकळून द्या आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी काढा. माशांच्या औषधाची बाटली वाचल्याशिवाय ओतू नका. त्यात तांबं असेल तर मासा बरा होईल, गोगलगाय जाईल. ती काचेला चिकटलेली असताना ओढू नका, हळूच सरकवून सोडवा. दोन दिवस हलली नाही तर बाहेर काढून वास घ्या. मेलेली असेल तर विचारावं लागणार नाही! लगेच काढा, कारण एवढं मांस सडलं की छोट्या टाकीत अमोनिया चढतो.

झाकण हवंच, आणि पाण्याच्या वर पाच-सात सेंटिमीटर जागा सोडा. हवा घ्यायला ती नळी पृष्ठभागावर आणते, अंडीही पाण्याबाहेर काचेवर घालते. गुलाबी घोस असतो, दमट राहिला तर दोन-चार आठवड्यांत फुटतो आणि पाण्यात पडला तर वाया जातो. रॅम्सहॉर्न या दुसऱ्या गोगलगाईसारखी अंडी पाण्यात शोधत बसावी लागत नाहीत, ही मोठी सोय.

पिल्लं नको असतील तर घोस खरवडून पिशवीत घाला, एक दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मग कचऱ्यात टाका. गटारात, विहिरीत किंवा ओढ्यात अजिबात नाही. हिच्याच जातकुळीतली सोनेरी गोगलगाय १९८० च्या सुमारास खाण्यासाठी तैवानात नेली होती. पुढे आग्नेय आशियातल्या भातखाचरांत तिने कोवळी रोपं फस्त केली. कोकणात टाकी ठेवणाऱ्यांनी तर हे विसरूच नये.