पिवळ्या कार्डावरची एकच नोंद

डिचोली तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी डॉक्टर आहे. गेल्या मार्चमध्ये पस्तिशीतला एक शिक्षक चार दिवसांचा ताप आणि लाल डोळे घेऊन खोकत आत आला. आदल्या दिवशी कानांमागे उठलेला पुरळ मानेवर उतरला होता, आणि बॅटरीच्या उजेडात गालाच्या आत, दाढांसमोर, मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले. लक्षणे गोवराचीच होती. तपासणीसाठी रक्त घेऊन त्याला मास्क दिला आणि वेगळ्या खोलीत बसवले, कारण रोगी निघून गेल्यावरही हा विषाणू हवेत दोन तासांपर्यंत टिकतो.

सोबतच्या आईने प्लास्टिकच्या पिशवीतून त्याच्या लहानपणीच्या लसीकरणाचे पिवळे कार्ड काढले. घड्यांवर ते विरले होते, तरी ‘गोवर’समोरची तारीख वाचता येत होती.

“डॉक्टर, मी स्वतः नेऊन लस टोचून आणली होती. इतक्या वर्षांनी तिचा जोर गेला काय?”

“मावशी, बहुधा त्या वेळी ती लागूच पडली नसेल,” मी म्हटले. नवव्या महिन्यात आईकडून आलेली प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूशी लढणारी प्रथिने, बाळाच्या अंगात काही वेळा शिल्लक असतात आणि लसीतला विषाणू रुजण्याआधीच त्याला निकामी करतात. म्हणून त्या वयात एकच डोस मिळालेल्या शंभरांपैकी सुमारे पंधरा जणांत संरक्षण तयारच होत नाही. ज्यांच्यात ते तयार होते, त्यांच्या रक्तातली प्रतिपिंडे कालांतराने उतरली तरी पेशींची स्मृती राहते आणि बहुतेकांना ती जन्मभर पुरते. दुसरा डोस मुख्यतः उरलेल्या पंधरांसाठी असतो. देशाच्या लसीकरण कार्यक्रमात तो २०१० पासून आला, आणि २०१७ ची गोवर-रुबेला मोहीम पंधरा वर्षांखालच्या मुलांपुरती होती. याची पिढी मध्येच राहून गेली, याची मला मनापासून खंत वाटते. म्हणूनच मोठ्या माणसाला मी वर्षे नव्हे, डोस किती झाले ते आधी विचारते.

तेवढ्यात तो म्हणाला, “बायकोला सातवा महिना आहे.”

मी दिवस मोजले. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून रोग पसरतो, म्हणजे हा पाचवा दिवस होता. जिवंत विषाणूची ही लस गरोदरपणी देता येत नाही, आणि इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे औषध, संसर्गानंतर सहा दिवसांच्या आत द्यावे लागते. तिचे रक्त त्याच गाडीने प्रयोगशाळेत पाठवले आणि तिच्या माहेरी, पेडण्याला, फोन लावायला सांगितला.

संध्याकाळी अहवाल आला. प्रतिपिंडे होती. थोड्या वेळाने माहेरून कार्डाचा फोटोही आला; त्यावर गोवराची एक आणि नंतर एमएमआरची, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्रित लसीची एक, अशा दोन नोंदी होत्या.