तिसरे शिखर गेले कुठे?

पोलादी कॅन्टिलिव्हर बीमच्या (एकाच टोकाला घट्ट धरलेल्या तुळईच्या) कंपनचाचणीचा आलेख आणि त्याच्याच फायनाइट एलिमेंट मॉडेलचा (बीमचे छोटे तुकडे करून मांडलेल्या संगणकीय प्रतिकृतीचा) आलेख ताडून पाहण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा पहिल्या शिखरापाशी दोन्ही रेषा इतक्या चपखल बसल्या होत्या की पुढे पाहण्याची गरजच वाटू नये. मात्र ३५० हर्ट्झच्या आसपास, जिथे चाचणीत तिसऱ्या मोडचे, म्हणजे बीमच्या तिसऱ्या नैसर्गिक कंपनप्रकाराचे, टोकदार शिखर होते, तिथे मॉडेलमध्ये जेमतेम एक फुगवटा दिसत होता. मेश, म्हणजे त्या तुकड्यांची जाळी, बारीक करून झाली होती आणि मोडच्या वारंवारताही जुळत होत्या. तेव्हा ताठरता आणि वस्तुमान यांच्यावर संशय घेण्यात अर्थ नव्हता.

राहिले डॅम्पिंग, म्हणजे कंपन विरवणारा ऊर्जाऱ्हास. रेले पद्धतीत ते वस्तुमानाच्या अल्फा पट आणि ताठरतेच्या बीटा पट मिळून धरतात. इनपुट फाइलमध्ये रेले डॅम्पिंगचा अल्फा शून्य होता आणि बीटा असा निवडला होता की पहिल्या मोडला, म्हणजे २० हर्ट्झला, डॅम्पिंग गुणोत्तर (कंपन किती लवकर विरते याचे माप) १ टक्का यावे. बीटामुळे येणारे हे गुणोत्तर वारंवारतेच्या प्रमाणात वाढत जाते. एकसारख्या छेदाच्या कॅन्टिलिव्हरचा तिसरा मोड पहिल्याच्या १७.५५ पट वारंवारतेवर असल्याने त्याच्या वाट्याला साडेसतरा टक्के आले होते. चाचणीत मात्र, घातांकी विंडोने (मोजलेला संकेत शून्याकडे नेणाऱ्या गणिती गुणकाने) वाढवलेले डॅम्पिंग वजा केल्यावर (ते वजा करायला लोक हमखास विसरतात), तिन्ही शिखरांच्या रुंदीवरून लॉस फॅक्टर (डॅम्पिंग गुणोत्तराच्या दुप्पट असणारे ऊर्जाऱ्हासाचे माप) ०.०२ च्या आसपासच येत होता.

अल्फा आणि बीटा दोन्ही वापरून पहिला व तिसरा मोड १ टक्क्यावर बांधावा, अशी सूचना पुढे आली. हिशेब केला तर मधल्या मोडला ०.४९ टक्केच मिळत होते, म्हणजे त्याचे शिखर दुपटीने उंचावणार. अखेर रेले बाजूला ठेवून ताठरतेला काल्पनिक भाग जोडणारे स्ट्रक्चरल डॅम्पिंग ०.०२ दिले आणि तिन्ही शिखरे जागेवर आली.

हा आकडा पोलादाचा नव्हे. पोलादाचा स्वतःचा लॉस फॅक्टर याहून खूपच कमी असतो. बाकीची ऊर्जा मुख्यतः बोल्टच्या जोडातील घर्षणात जिरते. त्यामुळे बोल्टचा ताण किंवा कंपनाचा जोर बदलला की आकडाही बदलू शकतो, आणि तो कोष्टकातून उचलण्यापेक्षा मोजलेला बरा.

पुढे त्याच बीमचे धक्क्याच्या भाराखालील कालानुसार विश्लेषण करायचे ठरले. काल्पनिक ताठरता तिथे थेट चालत नाही, म्हणून प्रत्येक मोडला लॉस फॅक्टरच्या निम्मे, म्हणजे ०.०१, डॅम्पिंग गुणोत्तर दिले, ०.०२ तसेच उतरवले असते तर डॅम्पिंग दुप्पट झाले असते आणि धक्क्यानंतरची कंपने मॉडेलमध्ये फारच लवकर विरली असती.