उजवा हात आणि एक पाय

हृदयात गंभीर दोष असलेलं बाळ पहिल्या दिवशी अगदी छान दिसू शकतं. रडतं, अंगावर पितं, वेळेवर लघवी करतं. गर्भात फुप्फुसांना वळसा घालून रक्त नेणारी डक्टस नावाची रक्तवाहिनी जन्मानंतर लगेच मिटत नाही, एक-दोन दिवस, कधी तीन दिवस उघडी राहते. काही दोषांत फुप्फुसाला किंवा शरीराला मिळणारं रक्त याच वाटेवर अवलंबून असतं. वाट मिटली की बाळ काही तासांत कोसळतं, आणि तोवर बाळ-बाळंतीण घरी पोचलेली असतात.

‘निळं पडलं असतं तर दिसलंच असतं की’ हा समज फार घातक आहे. निळेपणा डोळ्यांना खात्रीने दिसायला सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, साधारण ८० च्या आसपास उतरावं लागतं. ८५ किंवा ९० असलेलं बाळ अनुभवी डॉक्टरलाही गुलाबी वाटतं, सावळ्या बाळात तर फसगत अधिकच. ही दरी पल्स ऑक्सिमीटर भरून काढतो. तपासणीला सुई लागत नाही, आणि दोन्ही ठिकाणचं मोजमाप पाच मिनिटांत होतं.

मोजायचं उजव्या हातावर आणि कोणत्याही एका पायावर. महाधमनीची पहिली शाखा उजव्या हाताकडे जाते, डक्टस त्याच्या पुढे जोडलेली असते. म्हणून उजवा हात डक्टसच्या आधीचं रक्त दाखवतो, पाय नंतरचं. डाव्या हाताची शाखा डक्टसच्या तोंडाजवळच निघते, तिथला आकडा कोणत्या रक्ताचा हे सांगता येत नाही. घाईत ‘जो हात मोकळा तो’ असं करून चालत नाही, कारण दोन आकड्यांमधला फरक हीच अर्धी तपासणी आहे. हात ९८ आणि पाय ९० असेल, तर शरीराच्या खालच्या भागाला डक्टसमधून अशुद्ध रक्त जातंय. पायाचा आकडा हातापेक्षा चार-पाचने जास्त आला तर ‘पाय तर चांगला आहे’ म्हणून सोडू नका. मुख्य धमन्यांची अदलाबदल आणि सोबत महाधमनीचं आकुंचन किंवा फुप्फुसांतला वाढलेला दाब असेल, तर नेमकं असंच दिसतं.

वेळ २४ तास उलटल्यावरची. २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये २,२९,४२१ बाळांची एकत्रित आकडेवारी आली. २४ तासांच्या आत तपासलं तर हजारात सुमारे ५ बाळांत खोटी धोक्याची घंटा वाजली, नंतर तपासलं तर दोन हजारांत एखाद्याच. मात्र बाळ त्याआधीच घरी जाणार असेल, तर जाण्यापूर्वी तपासावंच. उशिरा करू म्हणताना राहून जातं.

आता प्रोब, म्हणजे ऑक्सिमीटरचा बाळाला लावायचा भाग. बहुतेक चुका इथेच होतात. नवजात बाळाचा गुंडाळायचा प्रोबच हवा. मोठ्या माणसाच्या बोटाची क्लिप बाळाच्या पायाला लावली की प्रकाश देणारी बाजू आणि प्रकाश टिपणारी बाजू समोरासमोर येत नाहीत आणि आकडा भलताच येतो. हातावर करंगळीखालची तळव्याची कड, पायावर छोट्या बोटाखालची बाहेरची कड. एका बाजूला दिवा, बरोबर त्याच्या समोर डिटेक्टर, मधे बाळाचं मांस. पट्टी घट्ट आवळली तर शिरांतलं रक्त धडकू लागतं आणि आकडा खोटा खाली येतो. सैल ठेवली तर बाहेरचा उजेड आत शिरतो. वर दुपट्याची घडी टाका, काविळीचा निळा दिवा चालू असेल तर तेवढा वेळ बंद करा. आपल्याकडे तळपायाला काजळाची तीट लावतात. प्रोबखाली ती आली तर आधी पुसा. पुन्हा वापरायचा प्रोब प्रत्येक बाळानंतर निर्जंतुक करून पूर्ण कोरडा करायचा.

बाळ जागं, शांत, उबदार हवं. रडत असेल, दूध पीत असेल किंवा पाय गार असतील तर थांबा. मोजे घालून दहा मिनिटांनी पाय गरम होतात. स्क्रीनवरची लहर एकसारखी झाली आणि यंत्राचा नाडीचा आकडा स्टेथोस्कोपने मोजलेल्या ठोक्यांशी जुळला, की मगच सॅच्युरेशन लिहायचं. वॉर्डात सर्रास दिसणारी चूक म्हणजे आकडा हलत असताना त्यातला सर्वांत मोठा टिपून ठेवणं. लहर स्थिर नसेल तर तो आकडा नाहीच.

निकाल असा वाचायचा: हात व पाय दोन्हीकडे ९५ किंवा जास्त आणि फरक ३ पर्यंत, तर पास. कुठेही ९० च्या खाली, तर थेट नापास, पुन्हा मोजत बसायचं नाही. मधलं काहीही, म्हणजे ९० ते ९४ किंवा ४ व त्याहून जास्त फरक, तर एका तासाने पुन्हा, आणि तेही एकदाच. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्सच्या २०११ च्या जुन्या नियमात एका ठिकाणी ९५ असणं पुरत होतं आणि फेरतपासणी दोनदा चाले. हात ९६, पाय ९४ हे बाळ तेव्हा पास व्हायचं. भिंतीवरचा जुना तक्ता अजून टांगलेला असेल तर तो उतरवा.

नापास म्हणजे हृदयरोग असं लगेच आईला सांगू नका. न्यूमोनिया, जंतुसंसर्ग, फुप्फुसांतला दाब यांनीही आकडा उतरतो, आणि तेही वेळेत सापडणं फायद्याचंच. बालरोगतज्ज्ञाने तपासायचं, मांडीतली नाडी बघायची आणि इतर कारण पक्कं होत नसेल तर त्याच दिवशी टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. एकोची सोय दूर असेल, बाळ ढासळत असेल आणि डक्टसवर अवलंबून दोषाचा दाट संशय असेल, तर हृदयरोगतज्ज्ञाशी फोनवर बोलून डक्टस उघडी ठेवणारं औषध, प्रोस्टाग्लँडिन ई-१, सुरू करूनच बाळ पाठवतात. त्याने श्वास थांबू शकतो, म्हणून अँब्युलन्समध्ये हाताने श्वास देण्याचा बॅग-मास्क जवळ आणि तो वापरता येणारा माणूस सोबत हवा. औषधाची कुपी २ ते ८ अंशांत, फ्रिजमध्येच ठेवायची.

६ फेब्रुवारी २०१३ ला पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोषांचा समावेश आहे. पुढच्या तपासण्यांसाठी आणि शस्त्रक्रियेच्या मदतीसाठी जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, चौकशी करायची.

एक गोष्ट आईवडिलांना स्पष्ट सांगावीच लागते. ही तपासणी चारांपैकी साधारण तीन गंभीर दोष पकडते, सगळे नाही. महाधमनीचं आकुंचन तर वारंवार निसटतं, कारण तिथे अडथळा असूनही रक्तातला ऑक्सिजन चांगला राहू शकतो. म्हणून पास झालेलं बाळही घरी दूध पिताना मधेच थकत असेल, कपाळावर घाम येत असेल, झोपेतही मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास घेत असेल किंवा पाय गार आणि राखाडी पडले असतील, तर त्याच रात्री दवाखाना गाठायचा. डिस्चार्ज कार्डावर ‘ऑक्सिजन नॉर्मल’ असं लिहू नका. तारीख, बाळाचं वय तासांत, उजवा हात अमुक, पाय तमुक असं लिहा. पुढच्या डॉक्टरला त्या दोन आकड्यांवरूनच कळतं की आता काय बदललंय.