तुम्ही विचारलंत म्हणून: अर्ज लिहायचा कोणी?

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी फोन येतातच. ‘‘मॅडम, सातपूरच्या एका कंपनीकडून सीएसआर मिळेल म्हणतात. अर्ज कोणाकडून लिहून घेऊ?’’ (सीएसआर म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा निधी.) विचारणारे बहुधा नवे मुख्याध्यापक. त्यांच्या मनात एक नाव आधीच असतं, ज्याचं इंग्रजी बरं आहे त्याचं.

मीही तेच केलं होतं. आमची शाळा पेठ रस्त्याला, शहराबाहेर. नाशिकच्या एका लिहून देणाऱ्याला गाठलं, मिळेल त्या रकमेच्या दहा टक्क्यांवर. (तिथेच चुकलं. टक्केवारीवाला आकडा फुगवणारच, आणि ते दहा टक्के हिशेबात दाखवायचे कुठे?) अर्ज देखणा झाला. डिजिटल वर्ग, टॅब, सगळं. कंपनीच्या बाई पाहणीला आल्या, वर्गातलं बटण दाबलं. लाइट नव्हती.

‘‘रोज जाते?’’

मी तोंड उघडायच्या आत शिपाई मावशी म्हणाल्या, ‘‘दुपारची जातेच. मोटार बंद, संडासात पाणी नाही. मोठ्या पोरी मधल्या सुट्टीत घरी जातात त्या येतच नाहीत.’’

हजेरी सकाळी लागायची, त्यामुळे माझ्या कागदावर सगळ्या हजर.

पुढचा अर्ज विज्ञानाच्या बाईंनी लिहिला, मावशींना शेजारी बसवून. आठवडाभर दुपारी मुली मोजल्या. आठवीच्या अकरांपैकी सहाच परतत होत्या. मागितली टाकी आणि सोलर पंप. आधी मराठीत लिहिलं, इंग्रजी शेवटी. लेखापरीक्षण अहवाल, ८०जी (देणगीदाराला करसवलत मिळवून देणारं प्रमाणपत्र), सीएसआर-१ (असा निधी घ्यायला संस्थेची सरकारी नोंदणी) ही कागदपत्रं लिपिकाने जमवली. त्याच्याइतकं ते कोणालाच जमत नाही.

तेव्हा लिहायला त्यालाच बसवा, ज्याला पुढे उपयोगिता प्रमाणपत्रासाठी, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्चल्याच्या दाखल्यासाठी, धावायचंय. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के सीएसआरवर खर्चावे लागतात आणि त्याचा हिशेबही द्यावा लागतो. म्हणून त्या तुमच्याकडे हे प्रमाणपत्र मागतात. तेव्हा टक्केवारीवाला फोन उचलत नाही.

आम्हाला टाकी मिळाली, पंप नाही मिळाला. पण टाकी मोठी, सकाळी भरली की दुपार निघते. प्रमाणपत्रासोबत फोटो हवा होता, तो मावशींनी काढला. कोपऱ्यात त्यांचा अंगठा आलाय. विज्ञानाच्या बाईंनी तसाच पाठवला.